स्टेनगन : घाईत घडलेले हत्यार

'स्टेनगन' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, पहाऱ्यावरच्या शिपायाच्या हाती कुठलीही आखूड बंदूक दिसली की आपण तिला स्टेनगन म्हणून मोकळे होतो! पण हे नाव आलं कुठून? मेजर शेफर्ड व टर्पिन या दोघा रचनाकारांच्या नावांतील 'एस' आणि 'टी', आणि एनफील्डच्या सरकारी कारखान्याचे 'ईएन'. झाली स्टेन.

१९४० साली डंकर्कहून ब्रिटिश सैन्य परतले ते जीव वाचवून. शस्त्रांचे ढीग फ्रान्समध्येच राहिले. शत्रू खाडीपलीकडे उभा. अमेरिकन टॉमसन बंदूक उत्तम खरी, पण फार महाग, आणि हवी तेवढी मिळेना. या नडीतून १९४१ च्या आरंभी स्टेन जन्मली.

तिच्यात आहे तरी काय? एक पोलादी नळी, आत स्प्रिंग आणि जड बोल्ट. चाप ओढला की बोल्ट पुढे धावतो, काडतूस नळीत ढकलतो आणि त्याच धक्क्याने बार उडतो. बाराच्या जोराने तो मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, की पुन्हा तेच चक्र. मिनिटाला सुमारे ५०० बारांच्या वेगाने. बरेचसे भाग पत्रा दाबून, वेल्डिंग करून बनत. म्हणून तिसरा नमुना लाइन्स ब्रदर्स या खेळणी करणाऱ्या कंपनीलाही जमला! एकूण सुमारे ४० लाख स्टेन तयार झाल्या.

स्वस्ताईची किंमत मात्र कुणीतरी मोजतोच. मॅगझिनमध्ये ३२ काडतुसे दोन रांगांत बसत. तोंडाशी मात्र एकच रांग. तिथे ती अडकत. म्हणून जाणते शिपाई दोन-चार कमीच भरीत. बंदूक हातातून पडली तर आपोआप बार उडण्याची भीती ती वेगळीच. २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये योझेफ गाब्चिकने नाझी अधिकारी हायड्रिखच्या मोटारीसमोर स्टेन रोखली, अन् ती उडालीच नाही. सोबती यान कुबिशने बाँब फेकला, म्हणून कामगिरी पार पडली. हायड्रिख ४ जूनला मेला.

तरीही युरोपातल्या भूमिगतांना हीच बंदूक विमानांतून टाकली गेली. तिचे सुटे भाग लपवता येत, आणि शत्रूकडून हिसकावलेली ९ मिलिमीटरची काडतुसे तिला चालत. गंमत अशी की, १९४४ च्या अखेरीस अडचणीत सापडलेल्या जर्मनीने तिचीच नक्कल केली!

१९५३ नंतर ब्रिटिश सैन्यात तिची जागा स्टर्लिंगने घेतली. भारतीय सैन्यानेही स्टेन वापरली. पुढे स्टर्लिंगच्या धर्तीची कार्बाइन कानपूरच्या कारखान्यात होऊ लागली.

मग स्टेन चांगली की वाईट? वर्गातली मुले मला हेच विचारतात. मी सांगतो, उशिरा मिळणाऱ्या उत्तम बंदुकीपेक्षा वेळेवर हाती आलेली साधी बंदूक देशाला तारते. पण ती अडली, तर जीव कारखानदाराचा जात नाही. ती धरणाऱ्याचा जातो. हिशेबात हा आकडाही धरायला हवा.