विजेचें वाळवण

धुतलेले कपडे वाळविण्याचें काम मनुष्यासाठीं हजारों वर्षें ऊन आणि वारा या दोघांनीं मिळून केलें. या जोडींत कोणावांचून अधिक अडतें, हें गृहिणीला कोणीं शिकवावें लागलें नाहीं. आषाढांत ऊन दिसलें नाहीं, तरी गॅलरींत वारा खेळता असेल तर दोरीवरची चादर संध्याकाळपर्यंत वाळते. उलट वैशाखांतल्या कडक उन्हांतहि बोळा करून टाकलेली चादर आंतून ओलीच राहते. कपडे वाळविणाऱ्या विजेच्या यंत्राचा विचार करतांना मात्र हें जुनें शहाणपण विसरलें जातें. यंत्र नीट चालेना कीं सर्वांच्या तोंडीं एकच वाक्य येतें, "हीटर जळला असेल." पुष्कळ वेळां हीटर धडधाकट असतो, कोंडलेला असतो तो वारा.

ऊन आणि वारा यांना एका पेटींत बसविण्याची खटपट अमेरिकेच्या उत्तर भागांत विशेष झाली, कारण तेथें हिवाळ्यांत दोरीवरचे कपडे गोठून फळीसारखे ताठ होतात. नॉर्थ डकोटा संस्थानांतील जे. रॉस मूर यानें अशा यंत्राची रचना केली, आणि विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स या गांवच्या हॅमिल्टन कंपनीनें १९३८ सालीं तें ‘जून डे’, म्हणजे ज्येष्ठांतला उबदार दिवस, अशा अर्थाच्या नांवानें बाजारांत आणलें. आज अमेरिकेंतील बहुसंख्य घरांत ड्रायर असतो, आणि तेथें संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांनाहि तो चुलीइतकाच परिचित झाला आहे.

या यंत्राचें अंतरंग फार गुंतागुंतीचें नाहीं. मोठें पोकळ पिंप एका पट्ट्याच्या साहाय्यानें मोटर फिरविते. त्याच मोटरीवर एक पंखा बसविलेला असतो. तो खोलींतील हवा ओढतो. ती हवा प्रथम नायक्रोमच्या तापलेल्या वेटोळ्यांवरून जाते, मग पिंपांतील ओल्या कपड्यांतून फिरते, नंतर जाळीच्या गाळणींतून जाऊन पंख्याच्या वाटे चार इंची नळींत शिरते, आणि कपड्यांचा ओलावा घेऊन घराबाहेर पडते. म्हणजे उष्णता पाण्याची वाफ करते. परंतु ती वाफ घराबाहेर पोंचवितो तो वारा. वारा थांबला कीं उष्णता कितीहि असली तरी ती व्यर्थ जाते, इतकेंच नव्हे तर घातक होते.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे यंत्राची ओळख. दर्शनी भागावरचें नांव हें व्यापाऱ्याचें असूं शकतें, कारखान्याचें नव्हे. दार उघडल्यावर चौकटीच्या कडेला किंवा यंत्राच्या पाठीशीं एक लहानशी पट्टी सांपडते. तिच्यावरील मॉडेल क्रमांक हीच यंत्राची खरी जन्मपत्रिका होय. सीअर्सच्या दुकानांत ‘केनमोर’ या नांवानें विकलीं गेलेलीं यंत्रें याचें उत्तम उदाहरण आहेत. सीअर्स तीं स्वतः बनवीत नसे. क्रमांकाचे आरंभींचे तीन आंकडे ११० असले, तर तें यंत्र व्हर्लपूलच्या कारखान्यांत तयार झालेलें असतें, आणि त्याला व्हर्लपूलचेच सुटे भाग बसतात. हें ठाऊक नसल्यामुळें भलता भाग विकत घेऊन तो परत करण्याचे हेलपाटे अनेकांना पडतात. यंत्र विजेचें कीं गॅसचें हेंहि आधीं पाहून घ्यावें. गॅसच्या यंत्राला साधा प्लग आणि गॅसची नळी असते. विजेच्या यंत्राचा प्लग जाड, तीन किंवा चार खुंट्यांचा असतो. गॅसच्या यंत्राची दुरुस्ती घरीं करण्याचा मोह कोणींहि धरूं नये.

दुसरी पायरी म्हणजे लक्षणें नीट ऐकणें. मोटर चालते पण पिंप फिरत नाहीं, आणि हातानें लोटल्यास तें अगदीं हलकें फिरतें, तर पट्टा तुटला असें समजावें. फिरतांना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर पिंपाखालचीं चाकें किंवा पट्टा ताणून धरणारी कप्पी झिजलेली असते. पिंप फिरतें पण हवा साफ थंड, हें वेगळें लक्षण. आणि हवा गरम, परंतु कपडे दोन-दोन तासांनींहि दमटच, हें त्याहून वेगळें. शेवटच्या दोन लक्षणांची गल्लत झाली कीं पैसे भलत्याच ठिकाणीं खर्च होतात.

तिसरी पायरी मोजमापाची. तिच्यासाठीं आरंभीं घरांतला तराजू आणि घड्याळ पुरे आहे. धुलाईयंत्रांतून पिळून निघालेले कपडे तोलावेत, आणि वाळल्यावर पुन्हां तोलावेत. जो फरक येईल तितकें पाणी यंत्रानें उडविलें. समजा, फरक ३ किलोचा आला. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारें दोन तृतीयांश युनिट वीज लागते. म्हणजे ३ किलोंना २ युनिटें. ५,४०० वॅटचा हीटर इतकी उष्णता सुमारें २२ मिनिटांत देतो. यंत्राची पेटी, कपडे आणि बाहेर जाणारी हवा यांच्याबरोबर बरीच उष्णता वायां जात असल्यामुळें प्रत्यक्षांत याच्या दुप्पट वेळ, म्हणजे ४० ते ५० मिनिटें, लागली तर तक्रार करण्याचें कारण नाहीं. तेवढ्याच कामाला दीड-दोन तास लागत असतील, तर यंत्र खरोखरच रोगी आहे.

मग बाहेरच्या भिंतीजवळ जाऊन नळीच्या तोंडावरचें झांकण पाहावें. यंत्र चालू असतां तें वाऱ्यानें चांगलें उचललें गेलें पाहिजे. तें लोंबकळतच राहिलें, तर वारा कोठें तरी अडला आहे. खात्रीसाठीं विजेच्या यंत्राची पाठीमागची नळी एका फेरीपुरती सोडवून ठेवावी, आणि ती फेरी संपेपर्यंत जवळ उभें राहावें. कपडे झपाट्यानें वाळले तर यंत्र निर्दोष असून दोष नळीचा आहे, हें सिद्ध झालें.

विजेचें मोजमाप यानंतर येतें. त्याआधीं प्लग काढलेला असला पाहिजे. या नियमाला अपवाद नाहीं. अमेरिकन घरांत ड्रायरला १२० व्होल्टच्या दोन तारा येतात, आणि त्या दोहोंमधील दाब २४० व्होल्ट असतो. मोटर एका तारेवर चालते. हीटरला दोन्ही लागतात. एक तार तुटली तर पिंप ऐटींत फिरत राहतें, पण हवा थंड असते. म्हणून काहीं उघडण्यापूर्वीं ३० अँपिअरचा जोड-ब्रेकर एकदां पूर्ण बंद करून पुन्हां चालू करावा. भिंतींतील चालू विजेचा दाब मोजण्याचें काम मात्र जाणत्या वायरमनकडे सोंपवावें.

हीटरची परीक्षा मल्टीमीटरनें होते. त्याची निदान एक तार सोडवून मगच मापन करावें, नाहीं तर दुसऱ्या वाटेनें वीज जाऊन आंकडा फसवा येतो. २४० व्होल्टवर ५,४०० वॅटच्या हीटरचा रोध १० ते ११ ओहम भरतो. कांटा हललाच नाहीं, तर वेटोळें तुटलें. भारतांतील घरांत २३० व्होल्टचा एकच पुरवठा असतो. तेथें २,००० वॅटचें यंत्र असेल तर हा आंकडा सुमारें २६ ओहम येईल, आणि अर्धा पुरवठा जाण्याचा प्रकार तेथें संभवत नाहीं. यानंतर हीटरचें एक टोंक आणि त्याची लोखंडी पेटी यांच्यामध्यें मापन करावें. येथें कांटा मुळींच हलतां कामा नये. हलला तर वेटोळें लोंबून पेटीला टेकलें आहे, आणि अशा वेळीं बटण बंद असूनहि तें तापत राहूं शकतें.

आतां या सर्व मोजमापांतून निघणारें खरें मर्म पाहावें. हीटरच्या पेटीवर एक मर्यादा-थर्मोस्टॅट असतो; अनेक अमेरिकन यंत्रांत तो सुमारें १२० अंश सेंटिग्रेडला वीज तोडतो. वारा वाहता असेल तर पेटी इतकी तापतच नाहीं. नळी तुंबली कीं उष्णता पेटींतच सांचते, थर्मोस्टॅट वीज तोडतो, थोड्या वेळानें जोडतो, पुन्हां तोडतो. हीटर तासांतील बराच वेळ बंदच राहतो. घरच्या माणसांना वाटतें हीटर कमजोर झाला. मल्टीमीटर सांगतो कीं तो ठणठणीत आहे. दोन्ही खरें असतें.

हें दुखणें लांबलें, कीं पंख्याजवळचा उष्णता-फ्यूज जळतो. कांहीं यंत्रांत त्यामुळें हीटर बंद पडतो, कांहींत सर्व यंत्रच. हा फ्यूज एकदां गेला कीं पुन्हां जुळत नाहीं. तो बदलला कीं यंत्र सुरू होतें आणि सर्वांना हायसें वाटतें. पण नळी तशीच ठेवली तर नवा फ्यूजहि त्याच वाटेनें जातो. मग तारेचा तुकडा जोडून फ्यूजला बगल देण्याची अक्कल कोणाला तरी सुचते. येथें दुरुस्ती संपते आणि आगीची तयारी सुरू होते. कपड्यांतून सुटणारे बारीक तंतु, ज्यांना अमेरिकेंत लिंट म्हणतात, सुकल्यावर कापसासारखे पेट घेतात, आणि ते नेमके हीटरच्या आसपास सांचलेले असतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानें २००८ ते २०१० या तीन वर्षांसाठीं केलेल्या अंदाजाप्रमाणें तेथील निवासी इमारतींत ड्रायरमुळें दरवर्षीं सुमारें २,९०० आगी लागत होत्या, आणि त्यांत वर्षाकाठीं सुमारें ५ माणसें दगावत व १०० जखमी होत. कारणांच्या यादींत पहिला क्रमांक यंत्र स्वच्छ न ठेवण्याचा, ३४ टक्के, होता.

यावरचा उपाय स्वस्त आणि कंटाळवाणा आहे. गाळणीवरचे तंतु प्रत्येक फेरीनंतर काढावेत. कपडे मऊ करणारे सुगंधी कागद वापरणाऱ्या घरांत जाळीवर न दिसणारा मेणचट थर बसतो. जाळीवर पाणी ओतून पाहावें, तें खालीं न जातां वर थांबलें तर साबण व ब्रश घेऊन ती घासावी. वर्षांतून एकदां नळी सोडवून लांब दांड्याच्या ब्रशानें पार टोंकापर्यंत झाडावी. नळी गुळगुळीत धातूची असावी, प्लॅस्टिकची नसावी. तिच्या जोडांतून आंत डोकावणारे स्क्रू मारूं नयेत, कारण तंतु त्यांच्यावरच अडकतात. अमेरिकन निवासी नियमावलींत तिची लांबी सर्वसाधारणतः ३५ फुटांपर्यंत धरतात, आणि प्रत्येक काटकोनी वळणामागें त्यांतून ५ फूट वजा करतात. एक वळण वाऱ्याला किती महाग पडतें, हें यावरून ध्यानीं यावें.

नवें वेटोळें, नवा थर्मोस्टॅट, नवा फ्यूज हे सर्व भाग दुकानांत मिळतात, आणि गरज पडेल तेव्हां ते अवश्य घ्यावेत. परंतु ते घेण्यापूर्वीं बाहेरच्या भिंतीजवळ जाऊन झांकणापुढें हात धरावा. वारा हाताला लागला, तर मल्टीमीटर उघडावा. न लागला, तर ब्रश शोधावा.