केळीचा खांब, गाडीचं दार
जळगावकडे केळीचा घड उतरवल्यावर खांबाचं काय होतं, पाहिलंय कधी? बरेचदा तो बांधावर कुजतो. पण त्यातले धागे रेझिनमध्ये बसवले की झालं कंपोझिट तयार! ताग, जवस, केनाफच्या धाग्यांची अशी पॅनेल्स युरोपात गाड्यांच्या दारांना आतून बसवतात. का? काचतंतूचं वजन घनसेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम, जवसाच्या धाग्याचं १.५. म्हणजे गाडी हलकी, इंधन कमी!

पण हे धागे पाणी पितात, फुगतात, रेझिनपासून सुटतात. म्हणून आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात. आणि रेझिन इपॉक्सी असेल, तर ती वस्तू मातीत कुजत नाही. तेव्हा ‘इको-फ्रेंडली’ लेबल दिसलं की विचारा, ‘धागा कळला, रेझिन कुठलं?’