एकच ‘गोचीड ताप’, जंतू मात्र दोन-तीन! कुत्र्याच्या रक्ताची जनुकीय चाचणी काय सांगते?

कुत्रा जेवत नाही, अंगात ताप, हिरड्या फिकट, कधी नाकातून रक्त. दिघीपासून मुंबईपर्यंत याला ‘गोचीड ताप’ म्हणतात. पण हा एकच आजार नाही. गोचिडांमुळे कुत्र्याला एकाच वेळी अनेक जंतूंची लागण होऊ शकते आणि औषध त्यावरच ठरतं.

कोणते जंतू?

• एर्लिशिया कॅनिस : जीवाणू. पांढऱ्या पेशींत राहतो.
• अ‍ॅनाप्लाझ्मा प्लॅटिस : जीवाणू. प्लेटलेट्समध्ये राहतो.
• बॅबेसिया : जीवाणू नव्हे, एकपेशीय परजीवी. लाल पेशी फोडतो.

तपकिरी गोचीड हा यांचा मुख्य वाहक. कोकणच्या उबदार, दमट हवेत तो वर्षभर टिकतो. भिंतीच्या फटीतही अंडी घालतो.

सूक्ष्मदर्शक पुरेसा का नाही?

रक्तात जंतू कमी असले तर काचपट्टीवर दिसतच नाहीत. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाखमधल्या 525 भटक्या कुत्र्यांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सूक्ष्मदर्शकापेक्षा पीसीआरमध्ये कितीतरी जास्त कुत्रे बाधित निघाले. सुमारे 20 टक्क्यांत एर्लिशिया कॅनिस होता.

चाचणी कशी चालते?

रक्तातला डीएनए वेगळा काढून जंतूच्या जनुकाच्या ठरावीक तुकड्याच्या लाखो प्रती केल्या जातात. जीवाणूंसाठी बहुतेक वेळा ‘16एस’ जनुक वापरतात. तो सगळ्याच जीवाणूंत असतो, पण प्रत्येकात थोडा वेगळा. दोन जीवाणू असतील तर त्यांचे संकेत एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रत्येक जंतूसाठी स्वतंत्र प्रायमर लावतात. बॅबेसियात हा जीवाणूंचा जनुक सापडत नाही, त्याची चाचणी वेगळी करावी लागते.

मग फरक काय पडतो?

दोन्ही जीवाणूंवर डॉक्सिसायक्लिन चालतं, एर्लिशियासाठी साधारण चार आठवडे. बॅबेसियाला मात्र ते एकटं पुरत नाही. रिपोर्टमध्ये फक्त एर्लिशिया आला आणि बॅबेसिया तपासलाच नाही, तर गोळ्या चालू असूनही कुत्र्याचं रक्त कमी होत राहतं.

काय कराल?

• शक्यतो गोळी सुरू करण्याआधी रक्त काढा. प्रतिजैविकानंतर जंतू कमी होतात आणि रिपोर्ट चुकून निगेटिव्ह येऊ शकतो.
• कुत्रा अत्यवस्थ असेल तर नमुना घेऊन डॉक्टरांना लगेच उपचार सुरू करू द्या, रिपोर्टची वाट पाहू नका.
• नमुना लांब पाठवायचा असेल तर ईडीटीएच्या नळीत, बर्फाच्या पॅकसोबत पाठवा.
• बॅबेसियाची चाचणी यादीत आहे का, हे विचारा.
• गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्याने ओढून काढा.