जुने धातुशोधक यंत्र घेताना

बोळिंजला माझ्या थोरल्या बहिणीची लहानशी वाडी आहे. भोवती आता उंच इमारतींची गर्दी झाली असली, तरी विहीर, केळी आणि दहाबारा नारळी अजून तग धरून आहेत. गेल्या वैशाखात नारळीची आळी नीट करताना ताईच्या बोटातली अंगठी निसटली. सोने फारसे नव्हते. पण आईच्या हातची एवढी एकच वस्तू तिच्याजवळ उरली होती. माती चाळून झाली, गडी थकले, ताईचे जेवणावरचे लक्ष उडाले.

तोच भाचा धावत आला. "मामा, धातू शोधायचे जुने यंत्र विकाऊ आहे. नव्याच्या निम्म्या किमतीत!"

माझे ज्ञान क्रियापदांच्या धातूंपलीकडे जात नाही. म्हणून कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना मी बरोबर घेतले. विक्रेत्याने जमिनीवर पितळेची परात ठेवली, यंत्र फिरवले आणि ते जोरात वाजले. "वीस फुटांवरचे सोने दाखवते," तो म्हणाला. आमच्या मित्रांनी शांतपणे बोटातली अंगठी काढून मातीत वीतभर पुरली. यंत्राने मौन धरले! आम्ही नमस्कार करून उठलो.

परतीच्या वाटेवर मित्रांनी मला यंत्राचे मर्म सांगितले. तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यात उलटसुलट वीजप्रवाह खेळतो व भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्यात धातू आला की त्याच्या अंगात बारीक प्रवाह फिरू लागतात, आणि त्यांची चाहूल यंत्राला लागते. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर, फार तर फूटभर खोल असली तरच ती सापडायची. लांबूनच सोन्याची दिशा दाखवणारी काडी कोणी विकत असेल, तर ती शुद्ध फसवणूक समजावी. अशाच काड्या बाँब शोधणारे यंत्र म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिक या इंग्रज व्यापाऱ्याला 2013 साली दहा वर्षांची शिक्षा झाली.

दुसऱ्या ठिकाणी आम्ही शहाणे होऊन गेलो. तुम्हीही असेच करा. आधी सेलची डबी उघडा; आत हिरवा-पांढरा गंज दिसला तर पुढे जाऊ नका. तबकडीला तडा नाही ना, ते पाहा. यंत्र चालू ठेवून तार हलवा. उगाच वाजले तर तार आतून तुटत आली आहे. परीक्षा मोकळ्या जागी घ्या, विजेच्या तारांखाली नको. मोबाइल आणि घड्याळ दूर ठेवा. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला ग्रॅहम बेल असेच यंत्र घेऊन गेला होता. पलंगातल्या पोलादी तारांनी घोटाळा केला, असे सांगतात. गोळी काही सापडली नाही.

परीक्षेला हल्लीचे रुपयाचे नाणे पुरेसे नाही. ते पोलादाचे असते. अंगठी, खिळा आणि चॉकलेटची चांदी असे तिन्ही पुरून पाहा. खिळा वेगळा ओळखू यावा. मात्र चांदी आणि बारीक अंगठी यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो, तो यंत्राचा दोष नव्हे. अर्नाळ्याच्या ओल्या खाऱ्या वाळूत वापरायचे असेल तर पल्स पद्धतीचे यंत्र बरे. मूळ पावती मागा आणि सुटे भाग मिळतात का, याची चौकशी करा.

ते दुसरे यंत्र आम्ही घेतले. अकरा खिळे, चार बाटल्यांची टोपणे आणि एक विळ्याचे पाते निघाल्यावर, तिसऱ्या आळ्यात चार बोटे खाली अंगठी सापडली. ताईने ती पदराने पुसली आणि काही न बोलता बोटात घातली.

भाच्याला मात्र चेव आला. "मामा, आता सोपाऱ्याला जाऊ! तिथे जुने काय काय पुरलेले असेल!"

त्याला मी खाली बसवले. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवणे हा गुन्हा आहे. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवान्यावाचून खणणेही गुन्हाच. पण कायद्याहून मोठी गोष्ट मी त्याला नंतर सांगितली. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला. दगडी पेटीत आठ बुद्धमूर्ती होत्या आणि मधोमध एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे व सोन्याचे करंडे. सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंड्यात काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितांचे मत झाले. पेटीत सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणेही होते. कोणती वस्तू कोठे होती हे त्यांनी टिपून ठेवले, म्हणून आज आपल्याला त्या ठेवीचा अर्थ कळतो.

"यंत्र सोन्याशी वाजले असते," मी म्हटले, "पण त्या तुकड्यांशी नाही. घाईने खणणाऱ्याने ते फेकूनच दिले असते."

भाचा गप्प झाला. यंत्र आता माळ्यावर आहे. शेजारीपाजारी कोणाची किल्ली किंवा कुडी हरवली की तो ते घेऊन निघतो, आणि खणलेला खड्डा आठवणीने बुजवून येतो.