पहिल्या रविवारचं बिलिंग

महिन्याचा पहिला रविवार. पगार झालेला असतो, घरोघरी किराणा भरायचा असतो, आणि मोठ्या दुकानात ट्रॉल्यांची रांग डाळींच्या रॅकपर्यंत मागे जाते. बिलिंगवरची मुलगी बारकोड लागला नाही की आकडे हाताने मारते, यूपीआय अडकलं की पैसे आले का ते बघत थांबते. रांगेतल्या मागच्या माणसाला यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त ती दिसते.

अंबरनाथ पश्चिमेच्या बुवापाड्यातून बरीच मुलंमुली कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या दुकानांत कामाला जातात. याच भागात स्वीडिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या विम्को काडेपेटी कारखान्याच्या नावाचा नाका अजून आहे. विम्कोत आजोबांची पाळी ठरलेली असायची, नातीचं रोस्टर व्हॉट्सॲपवर येतं. रविवारी सुट्टी मागणं म्हणजे दुकानात विनोदच.

अशाच एका दुकानात दुपारच्या पाळीला मी बिलिंगच्या मागे उभा राहिलो. तिथली फ्लोअर इनचार्ज 'ताण' हा शब्द वापरत नाही. ती म्हणते, "हिचं डोकं आता तापणार." ओळखायचं कसं? मुलगी सुटे पैसे दोनदा मोजायला लागते, 'पिशवी हवी का' विचारायचं विसरते. "आत जा, बिस्किटांचं फेसिंग लाव," म्हणजे पुडे रॅकवर पुढे ओढून नीट मांड, असं सांगून इनचार्ज दुसरीला काउंटरवर आणते.

वाटतं तितकं हे सोपं नाही. गल्ला ज्याच्या लॉगिनवर, हिशोब त्याचा. मध्येच माणूस बदलायचा तर रोकड मोजावी लागते, आणि तेवढा वेळ रांग थांबते. म्हणूनच गर्दीच्या वेळी बहुतेक ठिकाणी कोणी माणूस बदलत नाही. या इनचार्ज बाईंनी त्यावर काढलेला उपाय अगदी साधा आहे: सुटे मोजून भरलेला एक जादा ड्रॉवर तयार ठेवायचा. जुना ड्रॉवर काढून कुलपात जातो, नवा लागतो. जुन्याची मोजणी नंतर, त्याच मुलीसमोर होते.

'नंतर, तिच्यासमोर' याला महत्त्व आहे. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा मुली 'शॉर्ट'ला जास्त घाबरतात. पाळी संपता संपता गल्ल्यात पैसे कमी निघाले तर ते कुणाच्या खिशातून जाणार, ही धास्ती दुपारपासूनच डोक्यात असते. इथे फरक निघाला की दोघी मिळून पुन्हा मोजतात आणि रजिस्टरमध्ये लिहितात. चारचौघांत आकडा कुणी बोलत नाही.

रॉबर्ट कारासेक या अमेरिकी संशोधकाने 1979 मध्ये मांडलं होतं, की कामाचा रेटा मोठा आणि त्यावर आपला ताबा मात्र नाही, तिथे माणूस सर्वांत जास्त पिचतो. बाईंनी त्याचं नावही ऐकलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी कोण कुठल्या काउंटरवर, हे त्या मुलींना आपसात ठरवू देतात. वरून एकदा तणावमुक्तीचं शिबिर झालं, दीर्घ श्वास वगैरे. वाईट नव्हतं. पण ते भरलं पाळी संपल्यावर, घरी जायच्या वेळेत.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात (2017) मुळात सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना थांबवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची सोय लागते. मात्र संमतीची सही रुजू होतानाच्या कागदांच्या गठ्ठ्यात उरकली, तर पुढे 'नाही' म्हणायला मुलीकडे उरतं काय? सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजचे कामाचे तास नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. केरळमध्ये दुकानातल्या बायकांनी बसायला मिळावं म्हणून लढा दिला आणि 2018 मध्ये तो हक्क कायद्यात आला. तमिळनाडूनेही 2021 मध्ये तो दिला. मी गेलो त्या दुकानात काउंटरमागे एकही स्टूल नव्हतं. मुली एकेका पायावर भार बदलत उभ्या होत्या.

संध्याकाळी गर्दी वाढल्यावर जादा ड्रॉवर दोनदा लागला. इनचार्जचा स्वतःचा डबा तोवर उघडला नव्हता. तिच्या जागी कोण उभं राहणार, असं मी विचारलं. ती हसली. तेवढ्यात एरिया मॅनेजरचा फोन आला: मागच्या पहिल्या रविवारच्या तुलनेत आत्तापर्यंतची विक्री किती? आकडा सांगत सांगतच तिने तिसऱ्या काउंटरवरच्या मुलीला आत जायची खूण केली.