कळ, अक्षर आणि आज्ञा

पेटीवरील पांढरी चार ही पट्टी एकच. परंतु तिचे नाव षड्जावर अवलंबून असते. पांढरी एक हा षड्ज धरला, तर ती मध्यम होते. तिलाच षड्ज मानले, तर ती ‘सा’ होते. पट्टीचे स्थान बदलत नाही, नाव मात्र बदलते. संगणकाच्या कळफलकाचेही असेच आहे, आणि वेबपृष्ठांसाठी आज्ञावली रचणाऱ्यांपुढील एक जुनी अडचण या भेदातूनच उद्भवली आहे.

कळ दाबली की ब्राउझर आज्ञावलीला वर्दी देतो. कळ खाली गेली की ‘कीडाउन’, वर आली की ‘कीअप’. जावास्क्रिप्ट ही वेबपृष्ठांची आज्ञाभाषा १९९५ साली निघाली. तीत दीर्घकाळ कळा अंकांनी ओळखल्या जात. एंटर म्हणजे १३, एस्केप म्हणजे २७, बाणांच्या चार कळा ३७ ते ४०. असे अंक यंत्राला सोयीचे. पण मनुष्याला त्यांतून काहीच अर्थबोध होत नाही. म्हणून पुढे अंकांच्या जागी नावे आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्ह्यू’ या साधनात ‘कीअप’पुढे टिंब देऊन ‘एंटर’ लिहिले की काम भागते. त्याच्या २०२० मधील तिसऱ्या आवृत्तीत तर अंक वापरण्याची सोयच काढून टाकण्यात आली.

लेखन सोपे झाले. परंतु नाव कशाचे, अक्षराचे की स्थानाचे, हा प्रश्न उरलाच. भारतात तो विशेष महत्त्वाचा आहे. नवी दिल्लीतील केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा समान कळफलक ठरविला आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तो आपल्या १३१९४ क्रमांकाच्या मानकात समाविष्ट केला. त्यात स्वर डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर असून शिफ्ट दाबली की ‘ख’ उमटतो. देवनागरीतील ‘क’ जेथे आहे, तेथेच बंगालीतील ‘क’ही सापडतो.

‘दिल्ली’ हा शब्द या कळफलकावर द, इकाराची वेलांटी, ल, हलन्त, ल आणि ईकाराची वेलांटी अशा सहा आघातांनी उमटतो. त्यातील ‘ल’ची कळ म्हणजे रोमन ‘एन’ची कळ. आता एखाद्या ग्रंथालयाच्या वेबपृष्ठावर ‘पुढील पानासाठी एन दाबा’ अशी योजना आहे असे समजा. मराठी टंकलेखन करून आलेली विद्यार्थिनी ती कळ दाबते. ब्राउझर अक्षर ‘ल’ असल्याचे कळवितो, आज्ञावली ‘एन’ची वाट पाहत बसते आणि पान हलत नाही. दोष विद्यार्थिनीचा नाही, कळफलकाचाही नाही. आज्ञावली रचणाऱ्याने रोमन अक्षरच येणार असे गृहीत धरलेले असते.

मग केवळ स्थान पाहावे काय? तेही पुरेसे नाही. अमेरिकी कळफलकावर जेथे ‘क्यू’ आहे, तेथे फ्रेंच कळफलकावर ‘ए’ असतो. स्थानावरच विसंबले, तर फ्रेंच मनुष्याने ‘ए’ दाबूनही यंत्र ‘क्यू’ समजेल. यास्तव नियम असा करावा: आलेले अक्षर रोमन असेल, तर अक्षर पाहावे, ते अन्य लिपीतील असेल, तर स्थान पाहावे.

आणखी एक दक्षता हवी. कित्येक जण रोमन अक्षरांत मराठी लिहून, सुचविलेल्या शब्दांतून योग्य तो एंटरने स्वीकारतात. शब्द असा घडत असताना ब्राउझर तशी खूण देतो. ती न पाहणारी आज्ञावली त्याच एंटरने अर्धवट मजकूर धाडून मोकळी होते.

ही सारी तपासणी प्रत्येक आज्ञावलीकाराने नव्याने लिहावी, ही अपेक्षा व्यर्थ होय. त्याने ‘कंट्रोल अधिक एन’ एवढेच लिहावे. अक्षर, स्थान आणि घडणारा शब्द यांचा विचार साधनाने आतल्या आत करावा. लिहिणाऱ्याचे श्रम वाचावेत, पण त्याचा भार मराठी लिहिणाऱ्यावर पडू नये. खरी सुलभता ती हीच.