पिंपळपानाची जाळी

(इयत्ता ४ थी)

आमच्या शाळेच्या पटांगणात देशी बदामाचे झाड आहे. मारुतीच्या देवळापुढे मोठा पिंपळ आहे. माघ महिन्यात दोन्ही झाडांची पाने गळतात. पटांगण झाडायची पाळी चौथीची असते, म्हणून पानगळ कुणाला आवडत नाही. मला आवडते.

बदामाचे पान गळायच्या आधी लालभडक होते. पानात हरितद्रव्य असते, त्याने ते हिरवे दिसते. पान म्हातारे झाले की हरितद्रव्य नाहीसे होते. मग आतला पिवळा रंग दिसतो. तो आधीपासूनच असतो. लाल रंग मात्र पान नवीन तयार करते. मला हे खरे वाटेना. गळायच्या वेळी कशाला रंगायचे? पण गुरुजी म्हणाले, तसेच आहे.

माझे आईबापू दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मी आजीपाशी राहतो. ते येतात तेव्हा पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते. शाळेतले लाल पान आईने कधी पाहिलेच नाही. मी एक पुस्तकात ठेवले, तर ते तपकिरी झाले. मग त्याचा ठसा काढला. रंग पानाच्या खालच्या बाजूला लावायचा, कारण शिरा तिकडे वर आलेल्या असतात. लाल रंगात थोडा तपकिरी घातला, तरी तसा लाल जमला नाही.

म्हणून आईसाठी पिंपळपानाची जाळी करायचे ठरवले. सगळे म्हणतात, पुस्तकात ठेवले की आपोआप जाळी होते. होत नाही. माझ्या पानाचा चुरा झाला. आजीने खरी रीत सांगितली. नुकतेच पडलेले पान घ्यायचे, वाळलेले नको. ते तीन आठवडे पाण्यात ठेवायचे. मधून मधून पाणी बदलायचे. वास लई घाण येतो. पान कुजते, पण शिरा टणक असतात, त्या लवकर कुजत नाहीत. मग ताटात पाणी घेऊन जुन्या ब्रशने हळूहळू गर काढायचा. घाई केली की फाटते. नकाशात गोदावरीला नद्या मिळतात ना, तशा मधल्या शिरेला बारीक शिरा मिळालेल्या दिसतात.

मी तीन जाळ्या केल्या. दोन फाटल्या. तिसरी आजीच्या पेटीत आहे. देठापाशी थोडी उसवली आहे, पण लांबून कळत नाही.